अनुभव धागा : तंबू असो की कॅम्पर गाडी, बेळगाव भागात घरच्यांसोबत मुक्कामाची जागा कशी पारखता?

मार्कंडेय (धागाकर्ता)

सुट्टी जवळ आली की तेच प्रश्न येतात. जांबोटीकडे तंबू टाकावा की हिडकल धरणाच्या पाण्याकडे जावं? टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करून घेतलेली गाडी कणकुंबीच्या आतल्या रस्त्यावर शिरेल का? पोरं लहान आहेत, संडासाचं काय? फोटो बघून यातलं काही कळत नाही. फोटोत पाणी दिसतं, सूर्यास्त दिसतो, जमीन दिसत नाही. म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, गोकाक, सौंदत्ती, चिकोडी आणि लागून असलेलं जोयडा-दांडेली, एवढ्या टापूत जागा बघताना तुम्ही नेमकं काय बघता ते मापांसकट लिहा. प्रवासवर्णन नको.

सुरुवात मी करतो. जिल्हा एक असला तरी पाऊस एक नाही. अथणी-गोकाककडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडतो, बेळगाव शहरात त्याच्या दुप्पट, आणि कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात त्याच्याही कित्येक पट. माती पण तशीच वाटलेली आहे. पश्चिमेला तांबडी आणि जांभा, पूर्वेला काळी. त्यामुळे जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिमेला कापडी तंबू घेऊन जाऊ नये, पत्र्याखालचा कट्टा असेल तरच जावं. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी दोन्हीकडे चालतं. मार्च ते मे पश्चिमेला बरं असतं. पूर्वेला पारा चाळिशीला टेकतो, लहान पोरांना तिथं नेऊ नका.

जांभादगड

खुंटीपासून लिहितो, कारण तंबू उडतो तो खुंटीमुळे. तंबूसोबत मिळणारी बोटाएवढी वाकडी खुंटी जांभ्यात दोन इंच जाते आणि तिसऱ्या घावाला वाकते. लोहाराकडून १० मिलिमीटरच्या सळईचे फूटभर लांबीचे तुकडे करून घ्या, एक टोक चेपून अणकुचीदार, दुसरं टोक आकड्यासारखं वळवलेलं. चार माणसांच्या तंबूला १२ ते १४ लागतात, वर चार जादा ठेवा. घण नको, दोन किलोचा हातोडा पुरतो. ठोकताना खुंटी तंबूच्या उलट दिशेला कलती ठेवा, दोरी आणि खुंटी यांच्यात साधारण काटकोन व्हायला हवा.

सपाट कातळ असेल तर ठोकायच्या भानगडीत पडू नका. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात २०-२५ किलो माती भरा, तोंड आवळून बांधा, पोत्याला मधोमध दोरीचा वेढा घ्या आणि तणावा (तंबू ताणून धरणारी दोरी) त्याला बांधा. दगडाला थेट दोरी बांधली की जांभ्याच्या खरबरीत कडेला रात्रभर घासते आणि पहाटे तुटते. दगडच वापरायचा झाला तर दोरीखाली फडकं गुंडाळा.

जागा कशी ओळखायची? एक बादली पाणी मागा आणि जिथं झोपणार आहात तिथं ओता. पाणी कुठं पळतं ते मिनिटभर उभं राहून बघा. तंबूच्या मध्याकडे आलं तर जागा सोडा. चांगला कट्टा म्हणजे मुरूम भरून चोपलेला, आजूबाजूपेक्षा सहा इंच उंच, आणि एका अंगाला किंचित उतार. चार मीटरला आठ सेंटिमीटर एवढा उतार पुरतो, झोपताना जाणवत नाही आणि पाणी थांबत नाही. डोकं चढाच्या बाजूला. जागा किमान चार बाय चार मीटर हवी, कारण तंबू अडीच मीटरचा असला तरी तणावे चारी बाजूंनी पसरतात.

अजून एक. तंबूखालचा प्लास्टिकचा कागद तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच आत असू दे. बाहेर राहिला की छतावरून गळलेलं पाणी त्यावर पडून सरळ अंथरुणाखाली येतं. तंबू गळतो अशी तक्रार होते ती बऱ्याच वेळा यामुळेच.

रेगूर

जांभादगड यांनी पश्चिमेचं सांगितलं, मी बैलहोंगल-सौंदत्ती-गोकाककडचं सांगतो. काळ्या रानात उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा असतात. खुंटी सहज आत जाते आणि तेवढीच सहज वर येते. तिथं दीड फुटाची लाकडी खुंटी लागते, बाभळीची चांगली. भेगेत विंचू असतो, म्हणून तळ शिवलेला तंबूच न्या, नुसता ताडपत्रीचा आडोसा नको.

खरी अडचण गाडीची. वळवाची एक सर पडली, अगदी अर्धा तास, की काळी माती टायरला थापते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक जागेवर फिरायला लागतं. तीन-साडेतीन टनांची कॅम्पर गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. फोनवरच विचारा, डांबरापासून गाडी लावायच्या जागेपर्यंत खडी किंवा मुरूम आहे का आणि किती मीटर मातीतून जायचं आहे. पन्नास मीटर माती असली तरी एप्रिल-मेमध्ये गाडी डांबरालगतच लावावी आणि तोंड बाहेरच्या दिशेनं ठेवावं. अडकलीच तर टायरमधली हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढं पाचट किंवा तुराट्या टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. डांबरावर आल्यावर हवा भरायला पंप सोबत हवा, कमी हवेवर पळवू नका.

घटप्रभाकाठ

नदीकाठ सगळ्यांना हवा असतो, म्हणून जरा सविस्तर.

घटप्रभेवर वर हिडकल धरण, खाली धूपदाळचा बंधारा, त्याखाली गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा. मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थ. धरणाखालच्या पात्रात आभाळ निरभ्र असतानाही पाणी वाढतं, कारण पाऊस वर घाटात पडलेला असतो किंवा शेतीसाठी पाणी सोडलेलं असतं. पात्रातल्या वाळूवर, बेटावर, दोन ओढ्यांच्या बेचक्यात तंबू कधीच नको. भोंगा वाजतो या भरवशावर राहू नका. वारा उलटा असला तर दोन किलोमीटरवर तो ऐकू येत नाही.

पुराची रेघ बघायला शिका. काठावरच्या करंज-जांभळाच्या फांद्यांत अडकलेलं गवत, चिंध्या, प्लास्टिक किती उंचीवर आहे बघा. मुक्कामाची जागा त्याच्याही वर हवी. ऑगस्ट २०१९ च्या पुराच्या खुणा काठावरच्या जुन्या भिंतींवर मिळतात, नाहीतर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, बोटानं दाखवतात. आणि जागेवरून चढावर जाणारी पायवाट हवी. एका बाजूला पात्र आणि मागं उभी दरड अशी जागा उंच असली तरी नाकारा.

त्यापेक्षा जलाशयाचा वरचा काठ बरा. हिडकलच्या फुगवट्याला पाणी हळू चढतं-उतरतं. पण पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जमीन वरून वाळलेली आणि आत गाळाची असते. काठी रोवून बघा. हातभर काठी नुसत्या दाबानं गेली तर गाडी सोडाच, पोरांनाही तिकडं सोडू नका.

सुपारीबाग

घटप्रभाकाठ दादा, जोयड्यातल्या गणेशगुडीकडं काय करायचं? तिथं सगळे कॅम्प नदीलाच लागून आहेत.

घटप्रभाकाठ

तिथं सुपा धरणाच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर काळी नदीची पातळी दिवसात चढते-उतरते. राफ्टिंग चालतं ते त्याच पाण्यावर. सकाळी गुडघाभर असलेलं पात्र नंतर ओलांडता येत नाही. पोरांना पाण्यात सोडायची वेळ कॅम्पच्या माणसाला विचारूनच ठरवा, आणि लाइफ जॅकेट पोराच्या मापाचं आहे का ते बुकिंग करतानाच विचारा. मोठ्या माणसाचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निघून जातं. दोन्ही मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असलेलंच मागा.

चाकावरचंघर

कॅम्पर गाडीवाल्यांसाठी. आपल्या भागात खास कॅम्पर गाड्यांसाठी बांधलेली जागा शोधत बसू नका. शेतघर, रिसॉर्टचं आवार, मोठं अंगण असलेला ढाबा यांतूनच निवड करायची असते, म्हणून माप आपणच घ्यायचं. माझ्या यादीचा क्रम असा : फाटक, तारा, वळण, पातळी, वीज, पाणी, मैला.

फाटक दहा फूट रुंद हवं. गाडी साडेसहा-सात फुटांची असते, पण रस्त्यावरून काटकोनात वळून शिरताना नऊ फूटही अपुरे पडतात. उंची स्वतःच्या गाडीची मोजून डॅशबोर्डवर लिहून चिकटवा, छतावरचा एसी आणि सोलर पॅनल धरून. साधारण २.८ ते ३.१ मीटर भरते. शेतघराला गेलेली सर्व्हिस वायर दोन खांबांमध्ये झोळ खाऊन खाली येते, ती आधी उतरून बघा. फणस-आंब्याच्या फांद्या तशाच. रेल्वेखालच्या बोगद्यावर उंचीची पट्टी असते, त्यावरचा आकडा वाचल्याशिवाय नाक घालू नका. आत वळवायला १५ मीटर मोकळं अंगण हवं, नाहीतर रात्री काही झालं तर रिव्हर्समध्ये फाटकापर्यंत जावं लागतं.

पातळीला गवंड्याचा स्पिरिट लेव्हल ठेवा. दोन चाकांमध्ये पावणेदोन मीटर अंतर असेल तर दोन अंशांचा कल म्हणजे सहा सेंटिमीटर. दोन फळ्या एकावर एक ठेवून चाक चढवलं की काम होतं. कल तसाच ठेवला तर सिंकचं पाणी उलट वाहतं, अंथरुणावरून माणूस घसरतो, आणि गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर तो थंडच होत नाही. चाक चढवल्यावर दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, नुसत्या हँडब्रेकवर सोडू नका.

पाणी : चौघांना दोन दिवस १०० लिटर टाकी पुरते, भांडी बाहेर नळावर धुतली तर. पिण्याचं वेगळं, माणशी चार लिटर रोज. अथणी-सौंदत्तीकडे बोअरचं पाणी क्षारी असतं, गीझरच्या कॉइलवर आणि पंपाच्या जाळीवर पांढरा थर धरतो, तिथं टाकी घरून भरून न्या. खानापूरकडं विहिरीचं पाणी मऊ असतं, पण मे महिन्यात तळाला जातं, म्हणून विहिरीला पाणी किती फूट आहे ते आधी विचारा.

मैला : कॅसेट टॉयलेट (काढून रिकामी करायच्या टाकीचा संडास) १८-२० लिटरची, चौघांना दीड-दोन दिवस. ती ओढ्यात किंवा शेतात ओतणं पाप आहे, खाली कुणाची तरी विहीर असते. सेप्टिक टँकच्या संडासात ओता, तेही यजमानाला विचारून. निळं फॉर्मालिनवालं रसायन सेप्टिक टँकमधले जंतू मारतं, त्याऐवजी एन्झाइमची पावडर वापरा. आंघोळीचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं तर चालतं. जांभ्यात शोषखड्डा चांगला पितो, काळ्या मातीत तुंबतो.

सौरऊर्जेचं एक सांगून थांबतो. झाडाखाली गाडी लावली की छतावरचं पॅनल मेलं समजा, एका कोपऱ्यावर सावली आली तरी उत्पादन कोसळतं. १०० वॅटचं सुटं पॅनल दहा मीटर वायरीसकट ठेवा, गाडी सावलीत, पॅनल उन्हात. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे १.२ युनिट. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण अर्धं युनिट खातो, दोन पंखे रात्रभर पाव युनिट. एवढ्यात एक दिवस आरामात निघतो.

वायरमन

वीज मी घेतो, कारण यात जीव जातो.

बोर्डला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) घ्या. फेज-न्यूट्रल २२०-२४० व्होल्ट दाखवायला हवं, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला शंभर-सव्वाशे किंवा शून्य दाखवलं तर त्या बोर्डला गाडी जोडू नका. गाडीचा पत्रा जिवंत होतो, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराला हात लावणारं पोर पहिलं सापडतं. गाडीच्या आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्याच. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्ट बटण दाबा.

जांभ्याचं खास दुखणं आहे. पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मार्च-एप्रिलमध्ये जमीन वाळली की निकामी होतं. यजमानाला अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला सांगा, तासाभरानं परत मोजा. फरक दिसतो.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तीन कोअरची, २५ मीटर. बाजारात मिळणारी १ चौरस मिलिमीटरची ५० मीटर वायर घेतली तर १० अँपिअरला सुमारे १८ व्होल्ट वायरीतच जातात, आणि संध्याकाळी खेड्यातला व्होल्टेज आधीच खाली आलेला असतो. एसी गुरगुरतो पण कॉम्प्रेसर उचलत नाही, तो यामुळे. १९० च्या खाली असेल तर एसी बंदच ठेवा. आणि रिळावरची वायर पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते, आतले थर वितळून एकमेकांना चिकटतात.

एसी लावायचा तर १६ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट मागा. टीव्हीच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून एसी चालवू नका.

रानवाट

खानापूरच्या पश्चिमेचं जंगल. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. अभयारण्यात किंवा पलीकडं काळी व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथं तंबू टाकता येत नाही. वन खात्याचा स्वतःचा कॅम्प किंवा गावातलं खाजगी घर, एवढंच. मालक ‘काही होत नाही’ म्हणाला तरी जमीन मालकीची आहे की वनाची, ते उताऱ्यावर बघा.

हत्ती दांडेलीकडून खानापूर, चंदगड, दोडामार्गपर्यंत फिरतात. भात पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंत शेताकडेची जागा नको. केळी, ऊस, पिकलेला फणस आवारात असेल तरी तेच. मार्चनंतर काजूची बोंडं कुजायला लागली की त्या वासावर अस्वल येतं. खाणं, साबण, टूथपेस्ट तंबूत ठेवू नका, गाडीत काचा लावून ठेवा. रात्री शौचाला जाताना बॅटरी आणि मोठ्यानं बोलत चाला. अस्वल आवाजानं बाजूला होतं, अचानक समोर आलं की अंगावर येतं.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, दाताची खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, बोलताना जीभ अडखळते. असं काही दिसलं तर वाट बघू नका, थेट बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात. कणकुंबीहून पन्नासेक किलोमीटर, रात्री दीड तास धरा. तंबूची चेन खालपर्यंत लावलेली असणं हाच खरा उपाय. एक वीत उघडी राहिली तर न लावल्यासारखीच.

गोचीड : माकडताप गोचिडांमुळे होतो. १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, आता उत्तर कन्नड, गोव्याचा सत्तरी भाग आणि दोडामार्गकडेही आढळतो. कोरड्या दिवसांत, डिसेंबर ते मे, जपा. पालापाचोळ्यावर बसू नका, पॅन्ट मोज्यात खोचा, संध्याकाळी पोरांची काख, कानामागं, जांघ तपासा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, काडी लावून चटका देऊ नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य खात्याला कळवा आणि मुक्काम हलवा.

पावसाळ्यात जळवा. मोठी माणसं तंबाखूचं पाणी मोज्यांना लावतात, पोरांना ते नको, कातडीतून अंगात जातं. मिठाची पुरचुंडी काठीला बांधा आणि जळवेला टेकवा.

अंगणातलीचूल

बायकामाणसांच्या बाजूनं लिहिते. बुकिंगआधी यजमानाकडून एक व्हिडिओ मागवा, फाटकापासून तंबूच्या जागेपर्यंत आणि तिथून संडासापर्यंत, मध्ये न थांबवता काढलेला, रात्री आठ वाजता. यात अंतर कळतं, उजेड कळतो, कडी आतून लागते का ते दिसतं, पायऱ्या किती ते दिसतं. दिवसाचा फोटो पाठवतात त्यात यातलं काहीच नसतं. बारा-पंधरा माणसांमागे एक संडास असेल तर सकाळी रांग लागते, आठ माणसांमागे एक असेल तर बरं. तंबूपासून तीस-चाळीस पावलांवर हवा. त्याहून लांब असेल तर पोरं रात्री तंबूमागेच जातात.

स्वयंपाक तंबूच्या आत किंवा पडवीत (तंबूपुढच्या कापडी छपराखाली) कधीच नको. शेगडी विझली तरी निखारे आत घेऊन झोपू नका, त्यातला वायू वास नसलेला असतो आणि झोपेतच माणूस जातो. जांबोटीकडं डिसेंबरात पहाटे हात आखडतात म्हणून हा मोह होतो. त्यापेक्षा अंथरुणाखाली जाडी वाढवा : कागद, त्यावर चटई, त्यावर गोधडी. थंडी खालून येते, वर दोन रग घेऊन उपयोग नाही. तंबूच्या वरची जाळीची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ कापडाला लागून सकाळी अंगावर टपकते.

कॅम्पर गाडीत पाच किलोचा सिलिंडर असेल तर तो बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात हवा आणि कप्प्याच्या तळाला भोक हवं. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो.

ऊसतोड

रस्त्याचं थोडक्यात. कारखाने सुरू झाले की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चिकोडी, रायबाग, हुक्केरी, गोकाक, अथणी भागात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर असतात, मागं दिवा नसतो. मुक्कामाला उजेडात पोचा. कारखान्याच्या वाऱ्याखाली जागा घेऊ नका, मळीचा वास रात्रभर झोपू देत नाही. यल्लम्माच्या यात्रेच्या पौर्णिमांना सौंदत्तीकडं गाडी नेऊ नका, दर्शनाला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मालकाशी बोलायला दोन वाक्यं पाठ करा : ‘नीर यावाग बिडतार्री?’ म्हणजे पाणी कधी सोडतात, आणि ‘इल्लि आनि बर्तावेन्री?’ म्हणजे इथं हत्ती येतात का. शेवटचं ‘री’ विसरू नका, त्यात मान आहे.

मार्कंडेय (धागाकर्ता)

रानवाट, वळवाचं राहिलं. एप्रिलमध्ये दोन पोरं घेऊन तीन दिवस यायचं आहे असं एका ताईंनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय.

रानवाट

जांबोटी-खानापूरच्या मधल्या पट्ट्यात, गावाच्या हद्दीत, मुरमाचा कट्टा असलेली जागा बघा. तंबू निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीखाली नको, वाऱ्यात फांदी मोडून येते. झाड जेवढं उंच तेवढ्या अंतराबाहेर. वळीव दुपारनंतर उठतो. आभाळ काळवंडून गार वारा सुटला की पाऊस यायची वाट न बघता तणावे आवळा, पडवी उतरवा आणि पोरांना पत्र्याच्या बंद गाडीत किंवा पक्क्या घरात न्या. विजा थांबल्यावर अर्धा तास आतच. फायबरच्या बॉडीची कॅम्पर असेल तर ती चालत नाही, पक्कं घरच. आणि त्या ताईंना सांगा, मोबाइलला रेंज कुठं संपते ते येतानाच बघून ठेवा. जांबोटी सोडून कणकुंबीकडं वळलं की बऱ्याच ठिकाणी नसते. रेंज असलेली शेवटची जागा आणि तिथून मुक्कामापर्यंतचे किलोमीटर कागदावर लिहून गाडीत ठेवा.